लाखेच्या तबकड्या व त्यांचा प्रवास

ग्रंथाचा टीकाकार आणि गायनाचा टीकाकार यांच्या कामांत एक मोठा फरक आहे. पहिल्याला ज्या कृतीविषयीं बोलावयाचें असतें ती कृति वाचकाच्याही हातीं असते. केशवसुतांच्या एखाद्या कवितेविषयीं मीं विपरीत मत दिलें, तर वाचक कपाटांतून पुस्तक काढून तें तेथल्या तेथें तपासूं शकतो. आणि माझें मत कितीही भलतें असलें तरी त्यानें कवितेला ओरखडाही जात नाहीं. गायनाच्या टीकाकाराला ही सोय पूर्वीं मुळींच नव्हती. मैफल उठली कीं गाणें संपलें. मागें उरत त्या आठवणी. आणि आठवणींचें असें आहे कीं, त्या जुन्या होतील तसतशी त्यांची गोडी वाढते व प्रामाण्य कमी होतें. ध्वनिमुद्रिकेनें ही स्थिति पालटली. १९०२ नंतर आपल्या देशांत गायिल्या गेलेल्या गाण्यांचा कांहीं अंश तरी असा आहे, कीं जो मीं ऐकला तोच वाचकही ऐकूं शकतात, आणि आम्हां दोघांत मतभेद झाला तर तबकडी पुन्हां लावून तो वाद पुढें चालवितां येतो.

परंतु हा पुरावा ज्या वस्तूवर कोरलेला आहे ती वस्तु काचेइतकी ठिसूळ आहे. ती मिळवावयाची तर बहुधा दूरच्या गांवाहून मागवावी लागते, आणि मागविलेली तबकडी पुष्कळ वेळां वाटेंत फुटते. जुन्या तबकड्या जमविणाऱ्या मंडळींत ही तक्रार नित्याची आहे. ती कधीं हळहळीच्या तर कधीं विनोदाच्या स्वरांत सांगितली जाते, आणि तेथेंच सोडून दिली जाते. माझ्या मतें ती छंदी माणसांची घरगुती तक्रार नाहीं. जुन्या गायकांविषयीं आपण उद्यां काय बोलूं शकूं, हें पुष्कळ अंशीं तिच्यावर अवलंबून आहे.

प्रथम ही वस्तु कशाची असते तें पाहूं. आजच्या तरुण वाचकांस तबकडी म्हटली कीं १९४८ नंतर निघालेली, किंचित् लवचीक अशी लाँग-प्ले तबकडी आठवते. तिच्याविषयीं येथें बोलावयाचें नाहीं. मिनिटाला सुमारें ७८ फेरे घेणारी, युरोप-अमेरिकेंत १९६० च्या सुमारास बंद पडलेली व आपल्याकडे त्यानंतरही कांहीं वर्षें निघत राहिलेली जी जुनी तबकडी, जिला मागच्या पिढींतलीं माणसें 'प्लेट' म्हणत, ती लाखेची. पळस, कुसुम, बोर अशा झाडांच्या फांद्यांवर बारीक किडे जो राळेसारखा रस सोडतात त्याची लाख होते. छोटा नागपूरचा मुलूख हें तिचें मोठें आगर. रांचीजवळ नामकुम येथें १९२४ सालीं लाखेच्या संशोधनासाठीं एक संस्थाच निघाली. तबकडींत लाखेचा भाग पाव हिश्शाच्या आसपास, किंवा त्याहूनही कमी. बाकी सगळी दगडाची पूड, काजळी आणि थोडे कापसाचे तंतू. दगडाची पूड घालण्यांत हेतु असा कीं, पोलादी सुईचें टोंक घासलें जाऊन खांचेच्या आकाराचें व्हावें. म्हणजे तबकडी सुईला झिजविते आणि मग ती झिजलेली सुई तबकडीला झिजविते. म्हणून प्रत्येक बाजूला नवी सुई लावावी असा दंडक होता, व काटकसरी घरांतून तो रोज मोडला जात असे. या तबकडीला ऊन सोसत नाहीं. ती पापडासारखी वांकडी होते. स्पिरिट सोसत नाहीं, कारण स्पिरिटांत लाख विरघळते. धूळ काढण्याच्या सद्धेतूनें स्पिरिटाचा बोळा फिरवून एखाद्या गायिकेचा उभा जन्म पुसून टाकणारे सज्जन आपल्या समाजांत आहेत. आणि धक्का तर तिला मुळींच सोसत नाहीं.

गंमत अशी कीं, इतक्या नाजूक वस्तूच्या नशिबीं प्रवास मात्र जन्मापासूनच आलेला आहे. १९०२ सालीं ग्रामोफोन कंपनीचा मुद्रक फ्रेड गैसबर्ग हा कलकत्त्यास आला, आणि त्या मुक्कामांत त्यानें पांचशेंहून अधिक मुद्रणें केलीं. तीं मेणाच्या जाड चकत्यांवर केलेलीं होतीं. त्या चकत्या पेट्यांत भरून जहाजानें जर्मनींतील हॅनोव्हर या शहरीं गेल्या. तेथें त्यांवरून धातूचे ठसे तयार झाले, ठशांवरून तबकड्या निघाल्या, आणि पुढल्या वर्षीं त्या समुद्रमार्गें पुन्हां इकडे विक्रीस आल्या. १९०८ सालीं कलकत्त्यास सियालदा येथें कारखाना निघेपर्यंत सामान्यतः हाच क्रम चालू होता. लाख इकडची, गळा इकडचा, ऐकणारा कान इकडचा, आणि त्या तिघांची गांठ पडावयाची ती सात समुद्र ओलांडून. गौहर जान गाण्याच्या शेवटीं आपलें नांव इंग्रजींतून उच्चारते, तें पुष्कळांनीं ऐकलें असेल व तिच्या ऐटीचा एक भाग म्हणून त्याचें कौतुकही केलें असेल. त्याचें कारण असें सांगतात कीं, हॅनोव्हरच्या कारागिरांस आपल्या भाषा कळत नसल्यामुळें कोणती चकती कोणाची हें त्यांस चकतीवरूनच समजावें. हें खरें असेल तर त्या तबकडीवरचें शेवटचें वाक्य रसिकासाठीं उच्चारलेलेंच नाहीं. तें परदेशांत पेटी उघडून बसलेल्या कामगारासाठीं आहे. जुन्या गाण्याच्या पोटांतच असा पाठवणीचा शिक्का आहे.

या तबकड्यांवर टीकाकाराचें काय काय अवलंबून आहे, याचीं दोन-तीन उदाहरणें देतों. अल्लादियाखाँ (१८५५–१९४६) इतकें दीर्घ आयुष्य जगले, परंतु त्यांच्या गाण्याची तबकडी नाहीं. भास्करबुवा बखले १९२२ सालीं वारले. त्यांचा आवाजही आपल्याला लाभलेला नाहीं. या दोघांविषयीं आज आपण जें लिहितों तें सर्व ऐकीव आहे. शिष्यांच्या गाण्यावरून गुरूच्या गाण्याचें अनुमान करणें म्हणजे भाषांतरांवरून हरवलेल्या मूळ ग्रंथाची जुळणी करण्यासारखें आहे. तें विद्वत्तेचें काम होईल, पण त्याला रसग्रहण म्हणतां येणार नाहीं. रहिमतखाँ हेही त्याच १९२२ सालीं निवर्तले. परंतु त्यांच्या उतारवयांतल्या मोजक्या तबकड्या निघालेल्या आहेत, आणि 'भूगंधर्व' ही पदवी लोकांनीं कां दिली असावी याचा थोडासा तरी अदमास आपल्याला स्वतःच्या कानानें घेतां येतो.

अब्दुल करीमखाँ यांचें उदाहरण याहून बोधप्रद आहे. त्यांचें पहिलें मुद्रण १९०५ च्या सुमारास, कर्ण्यासमोर बसून झालें. तेव्हां ते तिशीच्या पुढें होते. ज्या तबकड्यांनीं त्यांचें नांव घरोघर नेलें त्या १९३४ नंतरच्या, विजेच्या मुद्रणाच्या, म्हणजे साठी उलटल्यावरच्या. १९३७ सालीं ते वारले. किराणा घराण्याचें गाणें म्हणजे संथ, आर्त, स्वरांत विरघळून जाणारें गाणें, अशी जी आपली समजूत आहे ती बहुतांशीं या शेवटल्या तबकड्यांवरून झालेली आहे. आतां पहिल्या खेपेच्या तबकड्या ऐकाव्या. तेथें निराळाच गवई भेटतो. तान चपळ आहे, दमदार आहे, कांहीं ठिकाणीं तर आपल्या चपळाईवर खूष झालेली आहे. वृद्धापकाळींचा करुण रस हा त्या गवयाचा मूळ स्वभाव नसून त्यानें तीस वर्षांत तो कमावला असावा, असें मला या दोन्ही खेपा शेजारीं शेजारीं ऐकून वाटूं लागलें आहे. घराण्याविषयीं लिहिणाऱ्यांनीं जर केवळ दुसरी खेप ऐकली असेल, तर त्यांनीं एका कलावंताच्या संध्याकाळीवरून त्याच्या सबंध दिवसाचें वर्णन केलें आहे.

पण येथेंच एक खांच आहे. पहिल्या तबकड्यांतली ही चपळाई गवयाची कितपत आणि यंत्राची कितपत? तीन-साडेतीन मिनिटांत अस्ताई, अंतरा, आलाप, तान सर्व उरकावयाचें, तेव्हां थोडी घाई अपरिहार्यच. शिवाय त्या काळच्या सर्वच तबकड्या नेमक्या ७८ फेऱ्यांना मुद्रित झालेल्या नाहींत. कोणी बहात्तरला, कोणी त्याहूनही कमी, तर कोणी अधिक वेगानें झाल्या. बहात्तर फेऱ्यांची तबकडी अठ्ठ्याहत्तरला लावली, तर काळी एकच्या पट्टींत गायिलेलें गाणें पांढरी दोनच्याही वर चढतें, लय त्याच प्रमाणांत वाढते, आणि पोक्त आवाज पोरगेला वाटूं लागतो. ज्या ग्रंथाची अक्षरेंच दर वाचनाला लहानमोठीं होतात त्याची समीक्षा कशी करावी? त्याला उपाय आहे. साथीच्या पेटीची पट्टी कोणती असेल तें ताडून पाहावें. त्याच बैठकींतल्या, म्हणजे लगतचे मुद्रण-क्रमांक असलेल्या, दुसऱ्या तबकड्यांशीं मेळ घालावा. एकाच मुद्रणाच्या दोन-तीन प्रती ऐकून खांच कोठें झिजली आहे व कोठें शाबूत आहे तें पाहावें. पुण्यास भांडारकर संस्थेनें १९१९ पासून १९६६ पर्यंत महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीसाठीं नाना लिपींतल्या पोथ्यांची शब्दशः तुलना केली. त्याच जातीचें हें काम आहे, आणि त्यासाठीं प्रत पाहिजे, क्रमांक पाहिजे, मधल्या कागदी चिठ्ठीचा रंग व तिच्यावरचा मजकूर पाहिजे. कोणीतरी कोठेंतरी ऐकविलेलें गाणें त्याला पुरत नाहीं.

हें काम आपल्याकडे विद्यापीठांनीं करावयास हवें होतें. पण तें बहुतांशीं केलें तें खाजगी संग्राहकांनीं, आणि याबद्दल त्यांचें ऋण मान्य केल्यावांचून पुढें जाणें कृतघ्नपणाचें होईल. मुंबईच्या चोरबाजारांत किंवा पुण्याच्या जुन्या बाजारांत ढिगांनीं पडलेल्या तबकड्या ज्यांनीं उन्हांत बसून एकेक उचलून पाहिल्या, त्यांनीं आपल्या संगीताच्या इतिहासाचीं पानें रद्दींतून काढलीं. मुंबईस १९९० सालीं 'सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स' ही संस्था निघाली व तिनें 'द रेकॉर्ड न्यूज' हें नियतकालिक चालविलें. मायकेल किनिअर या अभ्यासकानें १८९९ ते १९०८ या काळांतल्या ग्रामोफोन कंपनीच्या मुद्रणांची जी सूची १९९४ मध्यें मुंबईस प्रसिद्ध केली ती रुक्ष आकड्यांची वही आहे, आणि मला स्वतःला ती अनेक रसाळ चरित्रांपेक्षां अधिक उपयोगी वाटते.

तथापि संग्रह करण्याच्या वृत्तींत एक दोष शिरतो, आणि तो स्पष्ट सांगितला पाहिजे. प्रत दुर्मिळ झाली म्हणून गाणें चांगलें होत नाहीं. एखादी तबकडी कमी खपली, यास पुष्कळ वेळां ती खपण्याजोगी नव्हती हेंच कारण असतें. असें असतां दुर्मिळतेवर किंमत चढते, किमतीवरून महत्त्व ठरतें, आणि मग त्या महत्त्वावर प्रस्तावना लिहिल्या जातात. याची दुसरी बाजू अधिक वाईट आहे. कीर्तनाच्या, नकलांच्या, विनोदी संवादांच्या तबकड्यांना कोणी गिऱ्हाईक नाहीं म्हणून त्या भंगारांत जातात; वास्तविक त्या काळच्या मध्यमवर्गीय घरांत हंसणें कशाला होतें, भक्तीचा स्वर कसा होता, हें त्यांच्यावांचून दुसरीकडे कोठें कळावयाचें? एखाद्या जुन्या वाड्यांत चाळीस-पन्नास वर्षें एका पेटींत बसलेल्या तबकड्या हा एक सबंध ग्रंथ असतो. बालगंधर्वांच्या पदाशेजारीं कोणाचें भजन आहे, कोणती बाजू झिजून पांढरी झाली आहे, कोणती कोरी आहे, पाकिटावर मुलाच्या अक्षरांत काय लिहिलें आहे: हा सर्व मजकूर वाचतां येतो. त्यांतलें चार 'मोलाचें' काढून दहा गांवांच्या दहा गिऱ्हाइकांस धाडलें, कीं ग्रंथ सुटा झाला. त्यांतलीं सातच पानें मुक्कामास पोंचलीं, तर तो फाटलाही.

आतां या धाडण्याविषयीं. कलकत्त्याच्या एका विक्रेत्याकडून मीं एकदां बारा तबकड्या मागविल्या. गृहस्थ सज्जन, पेटी मजबूत, चोहोंकडून कागदाच्या चुरगळ्यांचा भरणा, झांकणावर तांबड्या शाईनें मोठें 'काच' असें लिहिलेलें. (तबकडी म्हणजे काय हें हमालास ठाऊक असण्याचा काळ गेला, म्हणून अनुभवी लोक तिला काच म्हणतात, अर्थात् काच म्हटल्यानें ती जपून उचलली जाते असें नाहीं.) पेटी आली ती बाहेरून अगदीं धडधाकट, फक्त एक कोंपरा किंचित् चेपलेला. आंत सात तबकड्या एकाच जागीं, एकाच रेषेंत उभ्या चिरलेल्या होत्या, जणूं कोणी पट्टी ठेवून रेघ मारावी. टपालानें वजनाचे पैसे घेतले होते व विक्रेत्यानें मालाचे परत केले. त्या व्यवहारांत कोणी कोणास फसविलें नाहीं. मात्र त्या सातांपैकीं एका तबकडीची दुसरी प्रत मला आजवर कोठें आढळलेली नाहीं.

त्या रेषेचा अर्थ मला पुढें समजला. दहा इंची तबकडीचें वजन दोनशें ग्रॅमच्या आसपास असतें. बारा एकावर एक रचल्या कीं अडीच किलोंच्या जवळ वजन होतें. कागदी पाकिटांत त्या एकमेकींवर थोड्या सरकूं शकतात. पेटी कोंपऱ्यावर पडली, कीं तें सगळें वजन एका कडेकडे धांवतें, आणि ज्या वस्तूस वांकणें ठाऊक नाहीं ती फुटून वांकते. बाहेरचा भरणा कितीही असो. तबकड्यांना तबकड्यांपासून कोणी संभाळलें नव्हतें. म्हणून जाणते संग्राहक पेटीच्या जाडीकडे पाहत नाहींत, आंतली रचना पाहतात. थोड्याच तबकड्या एका वेळीं पाठवाव्या. प्रत्येकीच्या दोन्ही अंगांस तिच्याहून दोन-दोन बोटें मोठे असे नालीदार पुठ्ठ्याचे चौकोन द्यावे, एकाची नाळ उभी तर दुसऱ्याची आडवी, म्हणजे तो जोड कोणत्याच दिशेनें मुडपत नाहीं. तबकडीची कड पुठ्ठ्याच्या कडेला कधीं पोंचूं देऊं नये. असा गठ्ठा घट्ट बांधून एका लहान पेटींत हालणार नाहीं असा बसवावा, आणि ती पेटी दुसऱ्या मोठ्या पेटींत चुरगळलेल्या कागदावर सर्व बाजूंनीं अधांतरीं ठेवावी. पावसाळ्यांत आंतल्या गठ्ठ्यास मेणकापड किंवा प्लॅस्टिक. वैशाखांत शक्य तों पाठवूंच नये. उन्हांत उभ्या असलेल्या मालमोटारींत लाख काय करील याचा नेम नाहीं. परदेशाहून येणाऱ्या पार्सलास आणखी एक संकट असतें: तें मध्येंच कोणीतरी तपासणीसाठीं उघडतो, आणि उघडणाऱ्याला पुन्हां तसेंच बांधण्याची कला अवगत असतेच असें नाहीं. अशा पेटींत वरच एक कागद ठेवून 'आंतली बांधणी जशी आहे तशीच परत घालावी' अशी विनंति लिहिणारा एक वृद्ध संग्राहक मला ठाऊक आहे. त्याच्या तबकड्या पोंचतात.

हा सगळा तपशील वाङ्मयीन मासिकांत कशाला, असें कोणी म्हणेल. मला मात्र या बांधणींत एक प्रकारची समीक्षाच दिसते. ज्यानें तबकडी अशी बांधली त्यानें ती कशाची आहे, तिचें मर्म कोठें आहे, तिला काय सोसतें व काय नाहीं, याचा विचार केला आहे. तिच्यावर दोन पानांचें गौरवपर स्फुट लिहून तिला वर्तमानपत्रांत गुंडाळून धाडणाऱ्या रसिकापेक्षां मी या बांधणाऱ्याचें मत अधिक मानीन.

मग तबकड्या पाठवूंच नयेत काय? असें मी म्हणणार नाहीं. जागच्या जागीं राहिलेली तबकडी सुरक्षितच असते असें नाहीं. वाडा पडतो, वारस फ्लॅटमध्यें राहावयास जातात, आणि पोटमाळ्यावरची जड पेटी भंगारवाल्याच्या गाडींत चढते. तेथें पाठवणी हीच सुटका. पण जेथें मालक जाणता आहे, जागा कोरडी आहे, तेथून केवळ आपल्या कपाटांतली रिकामी जागा भरावी म्हणून तबकडी हलविणें मला अनुचित वाटतें. कारण आतां तबकडी हलविल्यावांचून तिचा आवाज हलवितां येतो. सर जॉर्ज ग्रिअर्सन यांच्या भाषा-पाहणीच्या निमित्तानें १९१३ ते १९२९ या काळांत आपल्या देशांतल्या अनेक भाषा व बोली तबकड्यांवर उतरविल्या गेल्या. उधळ्या पुत्राचा तोच दृष्टान्त शेंकडों कोसांवरच्या तोंडांतून निरनिराळ्या बोलींत ऐकूं येतो. त्या तबकड्या लंडनांत आहेत, आणि त्यांतल्या आवाजांची नक्कल आज पुण्यांत बसून ऐकतां येते. एकही तबकडी त्यासाठीं टपालांत पडली नाहीं.

ही नक्कल मात्र चोख पाहिजे, आणि येथें आपली आजची पद्धत फार ढिली आहे. कोणत्या प्रतीवरून घेतली, मुद्रण-क्रमांक काय, किती फेऱ्यांना वाजविली, कोणत्या जाडीच्या सुईनें वाजविली (जुन्या खांचेला लाँग-प्लेच्या सुईच्या जवळजवळ तिप्पट जाड टोंकाची सुई लागते), यांपैकीं कांहींच न सांगतां गाणीं सर्वत्र फिरतात. त्यांतच खरखर काढण्याची हौस. खरखरीबरोबर तंबोऱ्याची झणत्कार जाते, 'स' आणि 'श' बोथट होतात, आवाजाच्या वरच्या कडा घासल्या जातात, आणि उरतें तें चकचकीत पण निर्जीव. पोथीवर वाळवीचीं भोकें आहेत म्हणून कोणी शेजारचीं अक्षरेंही खरडून टाकीत नाहीं. खरखरीसह एक नक्कल जशीच्या तशी ठेवावी. तिच्यावरून पाहिजे त्यानें पाहिजे तितकी साफसफाई करावी, आणि काय साफ केलें तें सांगावें.

फुटलेल्या तबकडीविषयींही दोन शब्द लिहिणें अवश्य आहे, कारण ती फेंकून देण्याची चाल अद्याप सुटलेली नाहीं. केवळ चिरलेली तबकडी काळजीपूर्वक वाजवितां येते. दर फेऱ्याला एक टक्क आवाज होतो, त्यामधलें गाणें शाबूत असतें. दोन-चार तुकडे झाले असले तरी आतां आशा आहे. अमेरिकेंतल्या लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळेंत कार्ल हेबर व व्हिटाली फॅडेयेव्ह या शास्त्रज्ञांनीं या शतकाच्या आरंभीं अशी युक्ति काढली कीं, तबकडीला सुई न लावतां तिच्या खांचांचें अतिसूक्ष्म छायाचित्र घ्यावें आणि त्या वळणांवरून गणितानें आवाज पुन्हां उभा करावा. तुकडे नीट जुळवून ठेवले तर फुटक्या तबकडीचेंही असें वाचन होऊं शकतें. आपल्याकडे ही सोय आज सहज मिळण्यासारखी नाहीं. पण कांहीं पोथ्यांचीं पानेंही वाचणारा मिळेपर्यंत शेंकडों वर्षें बासनांत राहिलींच कीं. तुकड्यांना गोंद किंवा चिकटपट्टी लावूं नये. प्रत्येक तुकडा वेगळ्या मऊ कागदांत गुंडाळून, फुटीच्या कडा एकमेकींस घासणार नाहींत अशा बेतानें एका सपाट डबींत ठेवावा, वर क्रमांक लिहावा. बारीक कपचीही टाकूं नये. गाण्याची समेवरची जागा तिच्यावर असूं शकते. माझ्या त्या सात तबकड्या अशाच सात डब्यांत आहेत.

कलकत्त्याहून आलेल्यांतल्या ज्या एका तबकडीची दुसरी प्रत मला आढळली नाहीं असें वर म्हटलें, तिची एक प्रत नागपुरास एका कुटुंबाकडे असावी, अशी वार्ता गेल्या वर्षीं कानीं आली. पत्रव्यवहार झाला. त्यांनीं मोठ्या मनानें ती पाठविण्याची तयारी दाखविली. मीं पाठवूं नये असें कळविलें, आणि मुद्रण-क्रमांक मात्र भिंगाखालीं वाचून लिहून धाडण्याची विनंति केली. क्रमांक आला, तो जुळतो. आतां येत्या दिवाळीच्या सुटींत मुद्रणाचें यंत्र व तीन जाडींच्या सुया घेऊन आम्हींच तिकडे जावयाचें ठरविलें आहे. तोंपर्यंत ती बाजू कोणी लावूं नये, एवढेंच मीं त्या घरच्या आजींना कळविलें. त्यांचें उत्तर आलें आहे कीं, त्यांच्या सासूबाई दर एकादशीस ती एकच बाजू लावीत, दुसरी कधीं लावलीच नाहीं. तेव्हां यावयाचें तर कोऱ्या बाजूसाठींही थोडा वेळ काढून यावें.